शैली सोडताना

शैलीविचार हा घटक एम.ए.च्या वर्गाला मी गेली अठरा वर्षे शिकवते आहे. टिपणांची वही तीच आहे. समासात पेन्सिलीने केलेली भर तेवढी वाढत गेली आहे. शैली ही लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाची भाषेवर उमटलेली मुद्रा असते, ती दीर्घ साधनेनंतर हाती येते आणि एकदा आली की चार ओळींवरूनही लेखक ओळखू येतो, असा त्या टिपणांचा सारांश सांगता येईल. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "पण मॅडम, शैली सापडल्यावर लेखकाने तिचं काय करायचं? सांभाळायची की सोडायची?" परिपक्वता, सातत्य, विकास असे काही शब्द वापरून मी तो तास निभावून नेला. तिचे समाधान झाले नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. माझेही झाले नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर पुढे मला एका चित्रकाराच्या आयुष्यात सापडले. फिलिप गस्टन हे त्याचे नाव. हा लेख त्याच्याविषयी आहे. मात्र तो लिहावासा वाटण्यामागे एक खाजगी कारणही आहे. ते ओघात येईल.

गस्टनची आणि माझी ओळख एका बातमीने करून दिली. सप्टेंबर २०२० मधली गोष्ट. महाविद्यालये बंद होती, तास मोबाइलच्या पडद्यावर चालले होते. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट, लंडनची टेट मॉडर्न, आणि बोस्टन व ह्यूस्टन येथील ललितकला संग्रहालये अशा चार मातब्बर संस्थांनी मिळून आखलेले त्याचे सिंहावलोकनी प्रदर्शन २०२४ पर्यंत पुढे ढकलल्याचे तेव्हा जाहीर झाले. त्याच्या उत्तरकालीन चित्रांत टोकदार पांढरे बुरखे घातलेल्या कू क्लक्स क्लॅनच्या आकृत्या आहेत, हे त्याचे कारण. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाली होती आणि अमेरिका वर्णद्वेषाच्या प्रश्नाने ढवळून निघाली होती. अशा वेळी ही चित्रे गैरसमज निर्माण करतील, अशी भीती संस्थांना वाटली. पुष्कळ कलावंतांनी खुल्या पत्राद्वारे या निर्णयाचा निषेध केला; चित्रकाराच्या मुलीनेही आपली निराशा व्यक्त केली. अखेर ते प्रदर्शन मे २०२२ मध्ये बोस्टनला सुरू झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनला संपले.

चाळीस वर्षांपूर्वी मरण पावलेल्या माणसाच्या चित्रांची इतकी धास्ती का वाटावी, या कुतूहलापोटी मी वाचू लागले. त्याची मुलगी म्युझा मेयर हिचे 'नाइट स्टुडिओ' हे १९८८ सालचे आठवणींचे पुस्तक मिळवून वाचले. चित्रे मात्र मी छापील पुस्तकांत आणि संगणकाच्या पडद्यावरच पाहिली आहेत. अडीच-तीन मीटर रुंदीचे चित्र हातभर पडद्यावर पाहून त्याच्याविषयी बोलणे हे अनुवादावरून कवितेविषयी बोलण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. तेव्हा रंगलेपनाच्या बारकाव्यांत न शिरता त्या चित्रांमागच्या प्रवासाविषयीच लिहिते.

फिलिप गोल्डस्टाइन हे त्याचे मूळ नाव. १९१३ साली मॉन्ट्रिअलला तो जन्मला. आईवडील ओडेसाहून आलेले ज्यू निर्वासित. कुटुंब पुढे लॉस एंजेलिसला गेले, पण तिथेही दैव उजळले नाही. वडील घोडागाडीतून भंगार गोळा करत. फिलिप दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांनी गळफास लावून घेतला आणि त्यांचा देह त्या मुलालाच पहिल्यांदा दिसला. पुढे एका अपघातानंतर पाय चिरडून त्याचा भाऊही गेला. घरात पाहुण्यांची वर्दळ वाढली की हा मुलगा कपड्यांच्या कोठडीत जाऊन बसे आणि तिथे लोंबणाऱ्या एकाच दिव्याच्या उजेडात चित्रे काढी. चित्रे म्हणजे वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रमालिकांची नक्कल. 'क्रेझी कॅट' ही हेरिमनची मालिका त्याची विशेष आवडती. तेराव्या वाढदिवसाला आईने त्याला व्यंगचित्रकलेच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमाला घातले. तोही त्याने मध्येच सोडला. तो दिवा, तो दोर, ते पाय आणि त्या व्यंगचित्रातल्या फुगीर रेषा वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. चाळीस वर्षांनी त्या परत येणार आहेत.

शाळेत त्याचा एक मित्र होता, जॅक्सन पोलॉक. शाळा कलेपेक्षा खेळांचे फाजील कौतुक करते, अशी टीका करणारे पत्रक वाटल्याबद्दल दोघांनाही काढून टाकण्यात आले. पोलॉक परतला, हा परतला नाही. यापुढचे त्याचे शिक्षण बव्हंशी स्वतःच्या बळावर झाले. इटलीतल्या प्रबोधनकालीन चित्रकारांचा, विशेषतः पिएरो देला फ्रान्चेस्काचा, त्याने पुस्तकांतल्या छायाचित्रांवरून अभ्यास केला. म्हणजे छपाईवर विसंबून चित्रे पाहण्याच्या बाबतीत माझ्यासारख्यांना मोठी सोबत आहे.

लॉस एंजेलिसमध्ये त्या काळी क्लॅनचा वावर होता. सतरा-अठरा वर्षांच्या गोल्डस्टाइनने बुरखेधारी कटवाल्यांची रेखाटने केली. खोट्या आरोपात गोवलेल्या कृष्णवर्णीय मुलांच्या स्कॉट्सबरो येथील खटल्याच्या निमित्ताने काढलेली त्याची चित्रे पोलिसांच्या साम्यवादविरोधी पथकाने फोडली. पुढे १९३४-३५ मध्ये त्याने रुबेन कॅडिश या मित्रासह मेक्सिकोतल्या मोरेलिया येथे दहशतीविरुद्धच्या लढ्याचे प्रचंड भित्तिचित्र रंगवले. मग तो न्यूयॉर्कला आला आणि महामंदीच्या काळात सरकारने कलावंतांसाठी काढलेल्या योजनेत भित्तिचित्रे करू लागला. याच सुमारास त्याने गोल्डस्टाइन हे आडनाव टाकून गस्टन हे नाव घेतले. ज्यू ओळख लपवल्याची ही बोच त्याला आयुष्यभर लागून राहिली, असे त्याच्या मुलीने नोंदवले आहे. म्हणजे पहिला बुरखा त्याने स्वतःच्या नावावर घातला होता.

१९४१ मध्ये तो आयोवाच्या विद्यापीठात शिकवू लागला, १९४५ ते ४७ या काळात सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. भित्तिचित्रे मागे पडली आणि मुखवटे घातलेली, कागदी टोप्या घालून लुटुपुटूची लढाई खेळणारी मुले त्याच्या चित्रांत आली. १९४५ साली कार्नेगी संस्थेच्या प्रदर्शनात त्याला प्रथम पुरस्कार मिळाला. 'लाइफ' मासिकाने दखल घेतली. वय बत्तीस-तेहेतीस, पदरी पारितोषिक आणि विद्यापीठात जागा. सामान्य माणूस इथे स्थिरावतो. गस्टन याच टप्प्यावर अडखळला. छळछावण्यांची छायाचित्रे जगासमोर आली होती. त्यांच्यानंतर आपल्या सुबक आकृतींचा त्याला विश्वास वाटेना. १९४७-४८ च्या 'द टॉर्मेंटर्स' या चित्रात आकृती जवळजवळ नाहीशा झाल्या आणि काळ्या-लाल पृष्ठभागावर त्यांच्या कडा तेवढ्या उरल्या. त्यानंतर अमेरिकन अकादमीच्या शिष्यवृत्तीवर तो रोमला गेला आणि पुस्तकांत पाहिलेला पिएरो त्याने पहिल्यांदा भिंतीवर पाहिला. परतला तो अमूर्त चित्रकार होण्याच्या वाटेवर.

पन्नाशीच्या दशकातला गस्टन हा बहुतेकांच्या मनातला 'खरा' गस्टन. पांढुरक्या, धुरकट पृष्ठभागाच्या मध्यावर गुलाबी, लाल, करड्या रंगांचे लहान लहान फटकारे एकत्र जमतात. जणू काही तरी आकार घेण्याच्या बेतात आहे आणि घेत नाही. तो चित्रफलकाच्या अगदी जवळ उभा राहून, मागे सरून न पाहता, रंगवत राही. या चित्रांतली हळुवारता पोलॉकच्या आवेगाहून निराळी आहे. १९६० साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याची चित्रे लागली आणि १९६२ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्याचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. आपल्याकडच्या वाचकांच्या मनात अमूर्त चित्र म्हटले की वासुदेव गायतोंडे उभे राहतात. तेही १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले होते आणि पुढे, मरणोत्तर, २०१४ साली त्यांचेही प्रदर्शन त्याच गुगनहाइममध्ये भरले. गायतोंडे आकृतीकडून अमूर्ताकडे गेले आणि तिथेच अधिकाधिक खोल उतरत राहिले. ती एक थोर वाट आहे. गस्टनची वाट मात्र इथून उलटी फिरते.

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याच्या चित्रांतले रंग विझत गेले. करड्या धुक्यात डोक्यासारखे काळे गोळे तरंगू लागले. १९६६ नंतर त्याने रंगकाम जवळपास थांबवले आणि दीड-दोन वर्षे कुंचल्याने व कोळशाने नुसती रेखाटने केली. एके दिवशी कागदावर एखाद-दुसरी शुद्ध रेघ, तर दुसऱ्या दिवशी पुस्तक, बूट, चहाचा पेला यांसारखी एखादी वस्तू. एक ओढ दुसरीला खोडत होती. बाहेर व्हिएतनामचे युद्ध चालले होते, शहरांत दंगली पेटत होत्या. दिवसभर वर्तमानपत्रे वाचून संतापायचे आणि मग चित्रशाळेत जाऊन लाल रंगाचा निळ्याशी मेळ घालत बसायचे, हा कसला माणूस, अशा आशयाचे स्वतःविषयीचे उद्गार त्याने पुढे काढले आहेत. न्यूयॉर्क सोडून तो वुडस्टॉक या गावी राहायला गेला आणि छोट्या छोट्या फळ्यांवर वस्तू रंगवू लागला: विटा, घड्याळ, खिळे ठोकलेल्या तळव्यांचे बूट, लोंबणारा दिवा. मग एके दिवशी त्या वस्तूंमधून टोकदार बुरखेही वर आले.

परंतु हे बुरखे तरुणपणी काढलेल्यांसारखे नव्हते. तेव्हा बुरख्याआड 'ते' होते. आता तिथे कोण आहे? हे बुरखेवाले फुगीर, शिवण उसवलेले, जवळजवळ विनोदी आहेत. ते मोटारीतून भटकतात, सिगारेटी ओढतात, खोलीत बसून गप्पा मारतात. १९६९ च्या 'द स्टुडिओ' या चित्रात तर असाच एक बुरखेवाला एका हातात सिगारेट आणि दुसऱ्या हातात कुंचला घेऊन स्वतःचेच चित्र काढतो आहे. दुष्टाईकडे बाहेरून बोट दाखवणे सोपे असते. गस्टनने आपण त्या कापडाआड असतो तर कसे दिसलो असतो, हे पाहण्याचे धाडस केले. या चित्रांची धास्ती २०२० मध्येही का वाटली, ते इथे कळते. ती चित्रे पाहणाऱ्याला निर्दोष राहू देत नाहीत.

ऑक्टोबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत ही चित्रे लागली. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये हिल्टन क्रेमर या समीक्षकाने त्यांची खिल्ली उडवली. हा मुळात दरबारी रसिक, उगाच गावंढळ अडाण्याचे सोंग आणतो आहे, असा त्या लेखाच्या मथळ्याचाच रोख होता. अमूर्ताला ज्यांनी धर्माइतके मानले होते, त्यांना हा धर्मत्याग वाटला. चित्रकारांपैकी विलेम द कूनिंगसारख्या एखाद्याने मात्र त्याला मिठी मारली आणि या चित्रांचा खरा विषय स्वातंत्र्य आहे हे ओळखले.

आणि मग मॉर्टन फेल्डमन. हा संगीतकार गस्टनचा वीस वर्षांचा जिवलग. एकमेकांच्या कामाविषयी रात्र-रात्र बोलणारे हे दोघे. फेल्डमनच्या संगीतातली शांतता आणि गस्टनच्या अमूर्तातली कुजबुज यांचे सख्य सर्वांना ठाऊक होते. या प्रदर्शनात गस्टनने त्याला विचारले, कसे वाटते? फेल्डमन गोंधळला, अजून क्षणभर पाहू दे, अशा अर्थाचे काही बोलला. एवढेच. त्या क्षणी आमची मैत्री संपली, असे पुढे त्याने स्वतःच सांगितले आहे. भांडण नाही, आरोप नाहीत. उत्तर यायला थोडा वेळ लागला आणि त्या वेळात सगळे कळून गेले.

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तो क्षण माझ्याही ओळखीचा आहे.

विद्यापीठात एम.ए. करताना माझी एक मैत्रीण होती. तिचे नाव इथे लिहीत नाही. वसतिगृहात आम्ही एकाच खोलीत राहत होतो. ती कविता लिही आणि पहिली वाचक मी असे. दाट प्रतिमा, गुंतलेली वाक्यरचना, एका शब्दावर तीन अर्थ तोलून धरण्याची हातोटी अशी ती कविता होती. तिचा पहिला संग्रह आला तेव्हा त्यावरचा पहिला लेख मीच लिहिला. त्या लेखात 'स्वतःची शैली गवसलेली कवयित्री' असे शब्द आहेत. लेख जाणकारांना आवडला, संग्रहालाही मान मिळाला. खरे सांगायचे तर माझ्या समीक्षेला जी थोडीफार ओळख मिळाली, ती त्याच लेखापासून.

चार-पाच वर्षांनी ती एका सुटीत माझ्याकडे आली. मधल्या काळात तिचे लग्न, तालुक्याच्या गावी नोकरी, सासऱ्यांचे दीर्घ आजारपण असे बरेच काही होऊन गेले होते. तिने पिशवीतून एक दोनशेपानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. नव्या कविता होत्या. त्यांत प्रतिमा जवळजवळ नव्हत्याच. औषधांच्या वेळा, बेडपॅन, दुधाचा हिशेब, बसथांब्यावरच्या बायकांचे बोलणे. साध्या, आखूड, काहीशा ओबडधोबड ओळी. मी वाचत होते आणि ती चहाचा कप हातात धरून माझ्याकडे पाहत होती. "काय गं, कसं वाटतंय?" तिने विचारले. मी म्हटले, "थांब हं, अजून जरा वाचते." मग मी वाचतच राहिले. तिने कप खाली ठेवला, खिडकीतून बाहेर पाहिले आणि आमच्या कॉलेजच्या परीक्षा कधी आहेत ते विचारले. वही ती माझ्याकडे ठेवून गेली. "सावकाश वाच," म्हणाली. सावकाशच वाचायची म्हणून मी ती कपाटात ठेवली. दिवाळीचे निरोप काही वर्षे चालू राहिले, मग तेही थांबले. दुसरा संग्रह आजवर निघालेला नाही.

मी त्या कवितांना वाईट म्हटले नाही, असे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे. पण मला त्या वेळी नेमके काय खटकले, हे फेल्डमनची हकिगत वाचल्यावरच कळले. मला तिच्या कविता नापसंत पडल्या नव्हत्या. माझा लेख खोटा ठरला होता. तिच्या जुन्या शैलीवर माझीही मालकी आहे असे मी धरून चालले होते. ती तिने मला न विचारता सोडून दिली, याचा तो राग होता.

आमच्या शिकवण्यातली गोमही इथेच असावी. मर्ढेकरांच्या 'शिशिरागम' (१९३९) आणि 'काही कविता' (१९४७) यांच्यातली झेप आम्ही वर्गात एका तासात समजावून सांगतो. फळ्यावर दोन सन लिहितो आणि मधे बाण काढतो. पलीकडचा तीर आम्हाला ठाऊक असल्यामुळे ती झेप अपरिहार्य वाटते. पण जो उडी मारतो त्याला पलीकडे तीर असल्याचे कोणी सांगितलेले नसते, आणि अलीकडच्या तीरावर त्याची आवडती माणसे उभी असतात. तो बाण काढताना मी हे कधी सांगितले नव्हते.

गस्टन स्वतः शिक्षक होता, हे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. पन्नाशीच्या दशकात त्याने न्यूयॉर्क विद्यापीठात आणि प्रॅट संस्थेत शिकवले. १९७३ ते १९७८ या काळात तो वुडस्टॉकहून महिन्यातून एकदा बोस्टन विद्यापीठात जाऊन विद्यार्थ्यांची कामे पाही, त्यांच्याशी बोले. संगीतकार जॉन केज याच्याकडून ऐकलेली एक गोष्ट तो सांगे. तिचा मथितार्थ असा: तुम्ही काम सुरू करता तेव्हा खोलीत पुष्कळ गर्दी असते. तुमचा भूतकाळ, मित्र, शत्रू, कलाजगत आणि मुख्य म्हणजे तुमच्या स्वतःच्या कल्पना. काम करत राहिले की ते एकेक करून निघून जातात आणि तुम्ही एकटे उरता. मग नशीब असेल तर तुम्हीही निघून जाता. मैत्रिणीने वही लिहिली तेव्हा तिच्या खोलीत कदाचित मीही बसलेली असेन, माझा तो लेख हातात घेऊन. मला बाहेर काढल्याशिवाय तिला लिहिता आले नसते. तिने मला बाहेर काढले आणि मग मोठ्या मनाने तीच वही माझ्या हाती आणून दिली.

१९७० च्या प्रदर्शनानंतर गस्टन पत्नीसह इटलीत जाऊन राहिला. परतल्यावर बुरखे हळूहळू मागे पडले आणि शेवटच्या दशकातली ती थोर, विक्षिप्त चित्रे येऊ लागली. १९७३ च्या 'पेंटिंग, स्मोकिंग, ईटिंग'मध्ये पांघरूण ओढून पडलेला एक माणूस सिगारेट ओढतो आहे, छातीवर खाण्याची ताटली आहे आणि मागे बुटांचा ढीग. डोके म्हणजे एकच प्रचंड डोळा असलेला, दाढीचे खुंट वाढलेला गोळा. कुठे पायांच्या राशी, कुठे लोंबणारा दिवा, कुठे दोरी. सगळीकडे तोच मांसल गुलाबी आणि लाल. लहानपणी कोठडीतल्या दिव्याखाली काढलेल्या व्यंगचित्रांची रेषा, वडिलांचा दोर, भावाचे पाय, भंगाराचा ढीग हे सारे पन्नास वर्षांनी चित्रात आले. आणि अमूर्ताच्या वर्षांत कमावलेला तो थरथरता रंगही वाया गेला नाही, त्यानेच या वस्तूंना जिवंतपणा दिला. म्हणून याला नुसते मागे फिरणे म्हणता येत नाही. बदलली ती शैली. जे बदलले नाही ते इतकी वर्षे त्या शैल्यांच्या आड दडलेले होते. शैली ही व्यक्तिमत्त्वाची मुद्रा असते, हे माझ्या वहीतले वाक्य अर्धेच खरे आहे. हाताला सवय झालेली शैली कधी कधी व्यक्तिमत्त्वावरचा बुरखाही होऊ शकते. ती मुद्रा आहे की बुरखा, हे बाहेरच्या समीक्षकाला कळणे कठीण. आत गुदमरणाऱ्यालाच ते आधी कळते.

१९७७ साली त्याची पत्नी म्युझा हिला पक्षाघात झाला. ती स्वतः कवयित्री होती आणि तिच्या ओळींभोवती त्याने रेखाचित्रे काढलेली आहेत. त्याच वर्षीच्या 'कपल इन बेड' या चित्रात दोघे एका पांघरुणाखाली एकमेकांना बिलगून आहेत आणि त्या मिठीतही त्याच्या मुठीत कुंचले आहेत. १९७९ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. मोठे काम झेपेना तेव्हा त्याने कागदावर लहान चित्रे केली. मे १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचे सिंहावलोकनी प्रदर्शन उघडले आणि नव्या चित्रांकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. ७ जून १९८० रोजी तो गेला. वय सहासष्ट.

अंत्यविधीच्या वेळी ज्यू परंपरेतली मृतासाठीची प्रार्थना म्हटली ती मॉर्टन फेल्डमनने. १९८४ साली त्याने 'फॉर फिलिप गस्टन' ही रचना केली. बासरी, पियानो आणि तालवाद्ये एवढीच सामग्री. वाजवायला चार तासांहून अधिक वेळ लागतो. मी ती एका रविवारी सलग ऐकली. स्वर येतात, थांबतात, पुन्हा किंचित वेगळे होऊन येतात. कोणतीही घाई नाही. संगीताची मी जाणकार नाही. पण त्या दिवशी उत्तर द्यायला लागलेला तो क्षणभराचा वेळ हा माणूस चार तास लांबवून परत करतो आहे, असे मला ऐकताना वाटत राहिले. ज्याला परत करायचा तो मात्र ऐकायला उरला नव्हता.

या दिवाळीच्या सुटीत मी कपाटातून ती वही काढली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. सगळ्या कविता चांगल्या आहेत असे म्हणणार नाही. तसे म्हणणे हा तिचा दुसरा अपमान ठरेल. पाच-सहा अजून कच्च्या आहेत. पण सासऱ्यांची नखे कापण्याविषयीची जी कविता आहे, तशी मराठीत मी दुसरी वाचलेली नाही. तिच्या जुन्या कवितांतली, एका शब्दावर तीन अर्थ तोलणारी हातोटी इथेही आहे. फक्त ती आता दिसत नाही. हे तेव्हाच दिसले असते, मी लेखाऐवजी कविता वाचत असते तर.

हे सारे मी तिला पत्राने कळवले आहे, कच्च्या कविता कोणत्या त्यासह. उत्तर अद्याप आलेले नाही. तिलाही वेळ घेण्याचा अधिकार आहे. वर्गातल्या टिपणांच्या वहीत मात्र यंदा समासात भर न घालता मी ते पान नव्याने लिहिले आहे आणि त्याची सुरुवात मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाने केली आहे.